डावीकडच्या गोष्टी

हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. बायकोला नाही, ज्यांनी मला लिहायला शिकवलं त्या संपादकांना नाही. आणि ज्या दोघांना सांगायलाच हवं होतं त्यांना तर नाहीच – अगदी परवापरवापर्यंत. तुम्हाला का सांगतोय? कारण शोधत बसलो तर पुन्हा राहून जाईल. तेव्हा सांगतो.

बातमीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पहिल्या वाक्यात यावी, असं मला शिकवलं होतं. मुंबईतल्या एका दैनिकाच्या डेस्कवर मी बरीच वर्षं तेच केलं – दुसऱ्यांच्या लांबलेल्या मजकुरातून ते एक वाक्य शोधायचं, उचलायचं, वर ठेवायचं. या मजकुरातलं ते वाक्य कोणतं हे मला पक्कं माहीत आहे. ते वर ठेवायला हात धजत नाही. थोडं फिरून येतो.

महाडात एक गेम तयार झाला होता. ‘सातखिंड’ त्याचं नाव. तुम्ही खेळला असाल, किंवा त्याच्याबद्दल वाईटसाईट वाचलं असेल. एक कल्पित डोंगरी राज्य. तुम्ही त्यातल्या एखाद्या वाडीतलं एक माणूस व्हायचं, त्याच्या नावानं हिंडायचं, लढायचं, नाती जोडायची, त्याचे निर्णय आपण घ्यायचे. अशा खेळांना जगभर मोठा वाचकवर्ग – पाहा, सवयीनं वाचकवर्गच लिहिलं. खेळणारे. असे खेळ मोठ्या शहरांत, शेकडो माणसांकडून तयार होतात. आमच्याकडे माणसं मोजकीच होती आणि जागा होती एका ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या वरचा मजला. वरचा, कारण महाडात शहाणा माणूस कुठलंही यंत्र तळमजल्यावर ठेवत नाही. पुरात सावित्री नदी कुठवर चढते ते भिंतीच सांगतात.

गेम संतोषचा. संतोष कुडपणचा, माझा पोलादपूरच्या शाळेतला वर्गमित्र. मुंबईत अ‍ॅनिमेशनचं काम करून करून कंटाळला आणि परत आला. प्रोग्रामिंग रेहानाचं. ती महाडचीच, वडील ट्रकवर, भाऊ कुवेतला. भावानं पाठवलेल्या जुन्या लॅपटॉपवर ती स्वतःची स्वतः शिकलेली. संतोषला ती दादा म्हणायची आणि मला सर. मी तोपर्यंत डेस्क सोडून गावी आलो होतो, जिल्ह्याच्या पेपरला बातम्या द्यायचो. गेममधल्या गोष्टी लिहायचं काम माझ्याकडे होतं.

त्या खोलीबद्दल मला सांगायला आवडतं. अजूनही. रमजानात संतोष डबा घेऊन खाली ट्रान्सपोर्टवाल्यांच्या बाकावर जाऊन जेवायचा. रेहाना म्हणायची, दादा, इथंच जेवा, मला काही होत नाही. तो म्हणायचा, “तुला नाय होत गो, मला व्हतं.” ईदला तिच्या आईनं वाफवलेली तांदळाची गोड सांदणं यायची आणि संतोष ती नाचणीच्या भाकरीसारखी सुकटीबरोबर खायचा. त्यावरून रेहाना त्याला जे बोलायची ते ऐकून खालचे ड्रायव्हर जिन्यात येऊन उभे राहायचे. धबधब्याचा आवाज हवा म्हणून आम्ही भर पावसात शिवथरला गेलो होतो. माइकवर छत्री धरून रेहाना उभी, आणि ती स्वतः ओलीचिंब. संतोष तिच्यावर छत्री धरायला गेला तर तिनं त्याला हातानंच मागे ढकललं, छत्रीवर पडणाऱ्या थेंबांचा आवाज येतो म्हणून. गेमवर ज्यांनी सडकून टीका केली त्यांनीही लिहिलं होतं – पाण्याचा आवाज तेवढा खरा आहे.

आता कौलाकडे येतो. यायलाच हवं.

आमच्या भागात मोठं काही करायचं असलं की देवीला कौल लावतात. गुरव देवीच्या अंगाला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी पडली तर देवी हो म्हणाली. डावी पडली तर नाही. मग त्यावर वाद नाही. संतोषचे चुलते, तात्या, गुरव. गेममध्ये प्रत्येक खिंड ओलांडण्याआधी कौल लावायचा, ही कल्पना संतोषची, पण नियम चुलत्यांचा. आम्ही त्यांना विचारलं होतं, की खेळणाऱ्याला नाही आलं आणि त्यानं पुन्हा लावला तर? तात्या हसले नाहीत. म्हणाले, “एकदा इचारलंस ना? मग झालं. पुन्यांदा इचारलंस तर तो कौल नाय, हट हाय.”

संतोषनं ते जसंच्या तसं गेममध्ये आणलं. कौल खरा. म्हणजे संगणक आत खरोखर नाणं उडवायचा, आणि उडवल्यावर मागे जायची वाटच नाही. इतर खेळांत माणूस चुकला की मागे जाऊन पुन्हा खेळतो. इथं तसं नाही. पुण्यातल्या जाणत्या लोकांनी सांगितलं, असं करू नका, खेळणारे चिडतील. मुंबईच्या ज्या वितरक कंपनीनं आमच्यात रस घेतला होता, त्यांच्या माणसानंही सांगितलं. संतोष ऐकेना. आणि त्याची दुसरी अट याहून अवघड होती. देवी नाही म्हणाली तर पुढे शिक्षा नाही, अडवणूक नाही – दुसरी गोष्ट. उजवीकडच्या गोष्टीइतकीच मोठी, तितकीच भरलेली.

का? तर त्याच्या वडलांनी तरुणपणी कौल लावला होता – बिऱ्हाड मुंबईला हलवू का? डावी पडली. वाडीतली बाकीची घरं गेली, हे राहिले. “माजं अख्खं आयुष्य डाव्या कौलातलं हाय,” संतोष म्हणायचा. “ते काय वाया गेलं? ती पन गोष्टच हाय ना?”

होती. आणि ती लिहायची होती मी.

पहिल्या अध्यायाची मी लिहिली. हरवलेल्या भावाला शोधायला निघालेला माणूस, देवी त्याला खिंड ओलांडू देत नाही, तो नदीवर होडी चालवायला राहतो. कितीतरी पावसाळ्यांनी भाऊ आपसूक त्याच्याच होडीत येऊन बसतो आणि त्याला ओळखत नाही. उतरताना फक्त म्हणतो, होडी सांभाळून चालवतोस रे. संतोषनं ते वाचलं आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. रेहाना म्हणाली, सर, हे चालवून बघताना मला स्क्रीन दिसेना. पहिला अध्याय आम्ही लोकांना फुकट खेळायला दिला, आणि जे कौतुक झालं ते सगळं त्या डाव्या गोष्टीचं झालं. ‘ह्या खेळात देव नाही म्हणू शकतो’ – असं लोक एकमेकांना सांगत होते. वितरकानं तेच जाहिरातीत घातलं.

दुसऱ्या अध्यायाची मला लिहिता आली नाही.

उजवीकडच्या भराभर व्हायच्या. माणूस निघतो, लढतो, पोचतो – काय झालं, कुणी केलं, कुठे केलं. ते मला येत होतं. पण ज्याला नाही म्हटलं गेलंय त्याचं पुढे काय? तो सकाळी उठून काय करतो? मी बसायचो आणि उठायचो. मुंबईची नोकरी मी सोडली असं सगळ्यांना सांगत होतो. खरं तर मला जा म्हणून सांगितलं होतं. त्याचा याच्याशी संबंध होता का? असेल. पण ते कारण म्हणून पुढे करत नाही. लिहिता येत नाही, एवढं एक वाक्य बोलायला कुठलीही नोकरी लागत नाही.

संतोष विचारायचा, डावीकडचं कुठवर आलं? मी म्हणायचो, होतंय. तो पुन्हा विचारायचा नाही. छापून येणाऱ्या माणसाचा शब्द, असं त्याच्या मनात. गोष्टी मी थेट रेहानाकडे द्यायच्या आणि तिनं त्या गेममध्ये बसवायच्या, अशी आमची पद्धत होती, आणि संतोष चित्रांत बुडालेला असायचा. वितरकाची मुदत जवळ आली. अध्याय वाढत गेले, प्रत्येकाची उजवी बाजू भरलेली आणि डावी – डावीकडे काहीच नाही. कौल डावा पडला असता तर माणूस एका मोकळ्या माळावर जाऊन उभा राहिला असता. ना कुणी बोलायला, ना कुठे जायला.

एके दिवशी संतोष वितरकाकडे मुंबईला गेला होता. मी रेहानाच्या टेबलापाशी गेलो. काय म्हणालो ते मला शब्दशः आठवतं. म्हणालो, “संतोषशी बोलणं झालंय. दुसऱ्या अध्यायापासून कौल उजवाच ठेव. त्याच्याजवळ विषय काढू नकोस, त्याला फार लागलंय ते.”

तिनं कीबोर्डवरचे हात उचलले.

“दादा म्हणाले असं?”

मी म्हटलं, “हो.”

ती स्क्रीनकडे वळली. मग म्हणाली, त्यांना किती वाईट वाटलं असेल. आणि कामाला लागली.

त्या सांगण्यातला शेवटचा भाग मी किती विचारानं घातला होता, ते तुमच्या लक्षात आलं असेल. त्याला फार लागलंय. रेहाना कधीही विचारणार नाही, याची सोय मी तिच्या मायेतूनच केली. माणसाला हे कुठून सुचतं? मी काही कावेबाज माणूस नाही, असं मला तोवर वाटत होतं.

ते पहिलं वाक्य हेच, असं तुम्हाला वाटेल. नाही. ते अजून पुढे आहे.

गेम बाजारात आला. पहिले काही दिवस बरे गेले. मग पुण्यातल्या एका कॉलेजच्या मुलांनी, सगळे एकदम खेळत असताना, एकमेकांना विचारलं – तुला कुठे नाही म्हणाली? तुला? पहिला अध्याय सोडला तर देवी कुणालाच, कधीच नाही म्हणाली नव्हती. त्यांनी ते लिहिलं. मग बाकीचे लिहायला लागले. खेळात इतर दोष होतेच. साध्या संगणकावर तो अडखळायचा, लढाया एकसारख्या होत्या, नकाशा एवढा मोठा की चालून चालून कंटाळा यायचा. लोकांनी ते पोटात घातलं असतं. नवखी पोरं आहेत, गावाकडून करतायत, असं म्हणाले असते. पण ज्या एका गोष्टीसाठी ते आले होते तीच खोटी निघाली, हे कोण पोटात घालेल? तुम्ही घातलं असतं?

संतोषला पटेना. तो म्हणाला, नाणं हाय ते, पडलं असंल उजवं सगळ्यांचं. रेहानाला विचार, असं त्याला कुणी सुचवलं नाही, आणि त्याला ते विचारावंसं वाटलं नाही. तिच्यावर शंका घेतल्यासारखं झालं असतं. तो मला घेऊन कुडपणला गेला. देवळाच्या उंबरठ्यावर हात ठेवून बसला आणि म्हणाला, घे व्हिडिओ.

“आमच्या खेळातला कौल लबाडीचा नाय. देवीच्या उंबऱ्यावर हात ठेवून सांगतो.”

फोन माझ्या हातात होता. मी घेतला तो व्हिडिओ. हात हलू दिला नाही. एकदा वाऱ्याचा आवाज आला म्हणून त्याला पुन्हा बोलायला लावलं. म्हणजे शपथ त्यानं दोनदा घेतली, आणि दुसऱ्यांदा माझ्या सांगण्यावरून.

तिथं बोलता आलं असतं. देवळात आम्ही दोघंच होतो. तात्या बाहेर पाण्याचा पाट काढत होते.

व्हिडिओ खूप लोकांनी पाहिला. आठवडा उलटायच्या आत कुणीतरी गेमच्या आतली फाइल उघडून जगाला दाखवली. दुसऱ्या अध्यायापासून नाणं नव्हतंच. उजवा. उजवा. उजवा. त्याच्यावर जे लिहिलं गेलं ते मी इथं उतरवत नाही. देवीच्या नावानं खोटी शपथ घेणारा माणूस – एवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी वितरकाचा माणूस वीर स्टेशनला उतरून रिक्षानं महाडला आला. वरच्या खोलीत आम्ही चौघं. तो, संतोष, रेहाना, मी. त्यानं लॅपटॉप फिरवून संतोषपुढे ठेवला. संतोषनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग रेहानाकडे वळला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “हे कुनी केलं गो?”

रेहानानं आधी माझ्याकडे पाहिलं नाही. त्याच्याकडे पाहिलं. तिला काय वाटलं असेल, ते त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर मी वाचलं, जसं छापलेलं वाचावं तसं. तिला वाटलं, दादांनीच सांगितलेलं, आणि दादाच विचारतायत. परक्या माणसासमोर विचारतायत. म्हणजे त्यांना वाटतं की हे मी माझ्यावर घ्यावं. ती माझ्याकडे वळली – बरोबर ना, सर, असं विचारल्यासारखी. मी खाली पाहिलं.

ती म्हणाली, “माझी चूक झाली, दादा.”

वितरकाचा माणूस म्हणाला, ठीक आहे, तांत्रिक चूक म्हणून जाहीर करू. रेहानानं तिचा डबा पिशवीत घातला, माइकवर धरलेली ती छत्री कोपऱ्यात होती ती घेतली, आणि जिना उतरली. जाताना संतोषला म्हणाली, येते. तो तिच्याकडे न पाहता म्हणाला, “माज्या तोंडून शपथ घेववलीस.”

आता ते वाक्य. मी तिथं उभा होतो आणि मी बोललो नाही. त्या खोलीत खरं माहीत असलेला माणूस एकच होता, आणि तो मी होतो. एकाला वाटलं बहिणीनं फसवलं. दुसरीला वाटलं भावानं पुढे केलं. दोघांनाही वाटलं ते खोटं होतं, आणि ते खोटं माझ्या एका ‘हो’वर उभं होतं. ते काढून घ्यायला मला एवढंच म्हणायचं होतं – मी. एक अक्षर.

वितरकानं हात काढून घेतला. स्टुडिओ बंद झाला. खोलीत आता ट्रान्सपोर्टवाल्यांनी टायर ठेवले आहेत.

इथं थांबलो असतो तरी पुष्कळ होतं. पण मी पत्रकार. एका साप्ताहिकानं विचारलं, आतून पाहिलेला माणूस म्हणून लिहा – ‘सातखिंड’ का फसला? मी लिहिलं. शांतपणे, मुद्देसूद, कुणावर राग न धरता. अवाक्याबाहेरची महत्त्वाकांक्षा, अपुरं मनुष्यबळ, अवाढव्य नकाशा, मुदतीचा ताण, आणि प्रोग्रामिंगमधली एक गंभीर त्रुटी. त्यातला शेवटचा मुद्दा सोडला तर सगळं खरं होतं. तोही – त्रुटी होतीच की. मी रेहानाचं नाव घातलं नाही. घालायची गरज नव्हती. महाडात गेमचं प्रोग्रामिंग कोण करत होतं हे पानवाल्यालाही माहीत होतं. वीरच्या रिक्षावाल्यांत एकजण तिला पाहून म्हणायचा, मॅडम, गाडी उजवीकडंच घेऊ ना? बाकीचे हसायचे. मी एकदा पुढच्या सीटवर होतो. मीही ओठ हलवले. हसलो असं म्हणता येईल.

तो लेख वाखाणला गेला. वस्तुनिष्ठ म्हणाले. कॉलेजांत बोलायला बोलावलं, मी गेलो. ‘एका प्रयोगाचं अपयश’ यावर उभा राहून बोललो आणि प्रश्नांना उत्तरं दिली. एका मुलीनं विचारलं, त्या प्रोग्रामरचं पुढे काय झालं? मी म्हटलं, माहीत नाही. मला माहीत होतं. रेहाना एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गेटवर मालाचे पास करते. पुण्याच्या एका गेम कंपनीनं तिला मुलाखतीला बोलावलं होतं, पण ‘सातखिंड’चं नाव निघालं आणि बोलणं तिथंच संपलं.

आणि संतोष कुडपणला आहे. डोंगर पाहायला येणाऱ्यांना राहायला दोन खोल्या काढल्यात, शेती बघतो. शिमग्याला देवीची पालखी निघते तेव्हा वाडीतली मुंबईची सगळी माणसं येतात आणि प्रत्येक घरचा कर्ता खांदा देतो. संतोष देत नाही. त्याला कुणी अडवलेलं नाही. तात्या स्वतः बोलवायला गेले होते. तो म्हणाला, “उंबऱ्यावर हात ठेवून खोटं बोललेला खांदा हाय ह्यो.” पालखी त्याच्या अंगणात येते तेव्हा तो दाराच्या आत उभा राहतो आणि त्याची बायको ओटी भरते. हे मी पाहिलं आहे. गेल्या शिमग्याला मी त्याच्याच घरी जेवलो, त्यानंच आग्रहानं वाढलं. तो मला अजून म्हणतो, तू तरी धड ऱ्हायलास.

ते ऐकल्यानंतरही मी गप्प राहिलो, पुढे कितीतरी महिने.

गेल्या महिन्यात रेहानाच्या घरी गेलो. काही घडलं नव्हतं, कुणी काही उघड करणार नव्हतं. तिची आई सरबत ठेवून आत गेली. मी सांगितलं. यावेळी पहिल्याच वाक्यात. रेहाना ऐकत राहिली. मला वाटलं ती ओरडेल. ती हिशेब लावत होती – तो दिवस पुन्हा मांडत होती.

“म्हणजे दादा मला खरंच विचारत होते,” ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

“आणि मी त्यांना म्हटलं, माझी चूक झाली.” तिनं डोळे पुसले नाहीत, नुसती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, “सर, तुम्ही आधी कुडपणला जायला हवं होतं. माझं काय, मला लोक हसतात. ते देवाला तोंड दाखवत नाहीत.”

मी तसाच कुडपणला गेलो. संतोष पाहुण्यांच्या खोलीवर पत्रा ठोकत होता. खाली उतरला. मी उभ्याउभ्या सांगितलं. तो हातोडा हातात धरून ऐकत होता. माझं संपल्यावर पहिलं जे बोलला ते माझ्याबद्दल नव्हतं, शपथेबद्दलही नव्हतं.

“म्हंजे तिनं नाय मला फसवलं.”

“नाही.”

“मंग बोलली का नाय तवा?”

मी म्हटलं, तिला वाटलं तूच सांगितलंयस. ती तुला वाचवत होती.

तो हातोडा ठेवून घराच्या मागं गेला. बराच वेळ आला नाही. त्याच्या बायकोनं दारातून माझ्याकडे पाहिलं. तो परत आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं, हातात पाण्याचा तांब्या होता. तो माझ्यापुढे ठेवला.

“पानी पी,” म्हणाला. “आन निघ. धुकं उतरलं का वळनं दिसत नायत.”

मी पाणी प्यायलो आणि निघालो.

ते दोघं एकमेकांशी बोलले की नाही मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. या शिमग्याला तो खांदा देईल का, तेही मी विचारणार नाही, आणि तिथं जाणारही नाही. तो साप्ताहिकातला लेख अजून आहे, शोधलात तर सापडेल. त्यात सुधारायचं ते मी संपादकांना पाठवलं आहे. छापतील तेव्हा छापतील. मजकूर एवढाच आहे –

संतोषनं देवीच्या उंबरठ्यावर सांगितलं ते त्याच्या माहितीप्रमाणे खरं होतं. रेहानानं मी तिला संतोषच्या नावानं सांगितलेलं काम केलं, आणि न केलेली चूक स्वतःवर घेतली. ‘सातखिंड’मध्ये पहिल्या अध्यायानंतर देवी कुणालाच नाही म्हणाली नाही, कारण तिचं नाही लिहायचं काम माझ्याकडे होतं, आणि मी ते लिहिलं नव्हतं.